वाचकांचे प्रश्न : नॉरफोकचे शिपाई आणि त्यांची घरे

गेल्या अंकात सातारा जिल्ह्यातील खेड्यांमध्ये बसवलेल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिशिलांविषयी एक लेख आम्ही छापला होता. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीची एक पलटण एकाच ब्रिगेडमध्ये लढत होती, असा ओझरता उल्लेख त्यात आला होता. त्या एका वाक्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या घराण्यातील एक पूर्वज ११० व्या पलटणीत होते आणि कूतच्या वेढ्यात सापडले होते. त्यांच्याबरोबर ‘नारफोकवाले गोरे’ होते, असे घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येई. हे गोरे आपल्या पलटणीबरोबर कसे आले आणि त्यांच्यातील किती जण घरी परतले? (एक निवृत्त सुभेदार, सातारा तालुका)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपल्या घरातील आठवण इतिहासाशी जुळते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा नॉरफोक रेजिमेंटची दुसरी पलटण बेळगावच्या छावणीत होती. त्या काळी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील तिन्ही ब्रिगेडी पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या आपल्याच छावण्यांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण व तिच्या जोडीला हिंदी पलटणी अशी रचना असे. बेळगावच्या, म्हणजे अठराव्या ब्रिगेडमध्ये नॉरफोक आणि ११० वी मराठा एकत्र आल्या. पुणे ब्रिगेडमध्ये डॉर्सेटचे गोरे आणि ११७ वी मराठा, तर अहमदनगरच्या ब्रिगेडमध्ये ऑक्सफर्डशायर व बकिंगहॅमशायरचे गोरे आणि १०३ वी मराठा अशा जोड्या होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये नॉरफोक आणि ११० व्या मराठाची मंडळी शत-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरली, एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे लढली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनपर्यंत पोहोचून, मोठी हानी सोसून, मागे हटली. ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे त्यांना तुर्की फौजेचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जेरीस आलेल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली.

वेढ्यातील एक बाब आपल्यासारख्या पलटणीतील माणसाला विशेष लक्षात येईल. अन्न तुटपुंजे झाले तेव्हा गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने ग्रासले आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीने. याचे कारण शिध्यात होते. गोऱ्यांच्या वाट्याला पांढऱ्या मैद्याचा पाव येई व त्यात ब जीवनसत्त्व नव्हते. आपल्या लोकांना कोंड्यासहित आटा मिळे, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले. परंतु भाजीपाला नाही आणि घोड्याचे मांस धर्मामुळे खाता येत नाही, म्हणून त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून मांस खाण्याची मुभा मागवण्यात आली, ती तारेने आलीही, पण बहुतेकांनी ती स्वीकारली तेव्हा फार उशीर झाला होता. एका खंदकातील दोन पलटणींना दोन वेगळे रोग व्हावेत आणि दोन्हींच्या मुळाशी रोजचा शिधा असावा, ही गोष्ट लढायांच्या वर्णनांत सहसा येत नाही.

खरा कहर शरणागतीनंतर झाला. कैद्यांना बगदाद, मोसुल आणि तेथून रास-अल-ऐनपर्यंत उन्हातून चालवत नेले आणि जे जगले त्यांना रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. सुमारे २,६०० ब्रिटिश शिपायांपैकी १,७०० हून अधिक कैदेत मरण पावले किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. हिंदी शिपाई व नोकरचाकर मिळून दहा हजारांवर कैदी होते, त्यांच्यातील सुमारे तीन हजार मृत किंवा बेपत्ता झाले. नॉरफोकच्या पलटणीतील जे परतले ते १९१८ च्या अखेरीस, घरच्यांनी ज्यांची आशा सोडली होती असे. कूतच्या फौजेचे सेनापती टाउनशेंड यांना मात्र तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात पाहुण्यासारखे ठेवले. ते १९२० मध्ये पार्लमेंटचे सभासद झाले आणि त्यांची कबर नॉरफोकमधील ईस्ट रेनहॅम येथे, घराण्याच्या वाड्याशेजारच्या चर्चच्या आवारात आहे. आपल्या शिपायांची काय अवस्था आहे याची त्यांनी फारशी विचारपूस केली नाही, हा त्यांच्यावरील ठपका तेव्हाही होता आणि आम्हाला तो रास्त वाटतो.

प्रश्न : शाळेत पहिले महायुद्ध शिकवताना इंग्लंड म्हणजे केवळ राज्यकर्ता देश, असे चित्र मुलांसमोर उभे राहते. नॉरफोकमधील साध्या माणसांच्या घरी युद्ध कसे पोहोचले, हे थोडक्यात सांगावे. (एक शिक्षिका, तासगाव)

उत्तर : नॉरफोक हा इंग्लंडच्या पूर्व कडेचा, उत्तर समुद्रात पुढे आलेला सपाट शेतीप्रधान भाग आहे. समुद्रापलीकडे जर्मनी असल्यामुळे तेथे युद्ध वर्तमानपत्रातून नव्हे, तर थेट दारात आले. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी ग्रेट यारमथवर तोफा डागल्या, पण गोळे बहुतेक वाळूतच पडले. १९ जानेवारी १९१५ च्या रात्री झेपेलिन नावाची, वायूने भरलेली दोन जर्मन हवाई जहाजे आली आणि त्यांनी यारमथ व किंग्ज लिन या गावांवर बॉम्ब टाकले. ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यात माणसे मेल्याची ही पहिली घटना. चौघे गेले : यारमथमध्ये एक वयस्क चांभार व एक वृद्धा, किंग्ज लिनमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा आणि सव्वीस वर्षांची एक स्त्री. या स्त्रीचा नवरा काही महिन्यांपूर्वीच फ्रान्सच्या आघाडीवर पडला होता. आघाडी आणि घर यांच्यातील अंतर कसे मिटले, हे मुलांना या एका घरावरून सांगता येईल.

शेतांवरील घोडे सैन्याने नेले आणि त्यांच्यामागोमाग गडीमाणसेही गेली. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाल्यावर गावोगावी न्यायमंडळे बसू लागली आणि ‘गाईंचे दूध काढणारा हा एकच माणूस उरला आहे, त्याला तरी सोडा’ अशा विनवण्या त्यांच्यापुढे येऊ लागल्या. नॉरविच शहर पादत्राणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. ते कारखाने सैन्याचे बूट शिवू लागले, आणि लाकूडकाम व लोखंडी सामान बनवणाऱ्या बोल्टन अँड पॉल या कारखान्यात सॉपविथ कॅमल जातीची दीड हजारांहून अधिक लढाऊ विमाने तयार झाली. त्यांच्या पंखांवर कापड शिवण्याचे काम मुख्यतः बायका करत. नॉरविचजवळ थॉर्प येथील काउंटीचे मनोरुग्णालय १९१५ मध्ये जखमींसाठी रिकामे करण्यात आले आणि तेथील वेडसर ठरवलेल्या रुग्णांना दूरच्या, आधीच भरलेल्या रुग्णालयांत पाठवण्यात आले. युद्धाच्या हानीच्या हिशेबात या रुग्णांची गणना कोणी केली नाही.

दोन घटना मात्र काउंटीभर पोहोचल्या. १२ ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागराजवळ नॉरफोक रेजिमेंटच्या पाचव्या राखीव पलटणीचा मोठा भाग पुढे सरसावला आणि परतला नाही. त्यात राजाच्या सँड्रिंगहॅम जहागिरीवरील माळी, शिकारखान्यातील नोकर आणि गडी यांची तुकडी होती, त्यांच्यापुढे जहागिरीचा व्यवस्थापक फ्रँक बेक. पुढे कोणी म्हणाले की, एका ढगाने त्यांना गिळले, आणि ही दंतकथा आजही चवीने सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, १९१९ मध्ये त्या भागात शंभरांहून अधिक प्रेते नॉरफोकच्या शिपायांची म्हणून ओळखली गेली. ते शत्रूच्या गराड्यात सापडून मारले गेले होते. दुसरी घटना परिचारिका एडिथ कॅव्हेल यांची. नॉरविचजवळील स्वार्डस्टन गावच्या पाद्र्याची ही मुलगी ब्रसेल्समध्ये जखमींची शुश्रूषा करताना दोस्त सैनिकांना पळून जाण्यास मदत करीत असे, म्हणून जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ रोजी तिला गोळ्या घातल्या. ‘देशप्रेम एवढेच पुरेसे नाही, मला कोणाविषयी द्वेष वा कडवटपणा ठेवता कामा नये,’ असे तिने आदल्या रात्री पाद्र्याला सांगितले होते. सरकारने मात्र तिचे चित्र लावून द्वेषाच्याच जोरावर भरती वाढवली. मे १९१९ मध्ये तिचे अवशेष नॉरविचच्या कॅथेड्रलशेजारी पुरण्यात आले.

प्रश्न : आमच्या पणजोबांना पहिल्या महायुद्धानंतर जंगी इनाम म्हणून वर्षासन मिळत होते, असे जुन्या कागदांवरून दिसते. इंग्लंडमधील शिपायांना युद्धानंतर काय मिळाले? त्यांचे तरी भले झाले का? (एक शेतकरी, खटाव तालुका)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल, कारण ‘गोऱ्यांना सगळे मिळाले असेल’ हा आपल्याकडील समज पुष्कळ अंशी चुकीचा आहे.

अपंग शिपायांच्या पेन्शनीसाठी डिसेंबर १९१६ मध्ये स्वतंत्र खाते निघाले. १९१७ च्या नियमांप्रमाणे शरीराची टक्केवारी ठरवण्यात आली. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर शंभर टक्के, आणि साध्या शिपायाला आठवड्याला २७ शिलिंग ६ पेन्स (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). हाताची दोन बोटे गेली तर वीस टक्के, म्हणजे साडेपाच शिलिंग. उजवा हात गेला तर जास्त आणि डावा गेला तर कमी. शिपाई दर वेळी मेडिकल बोर्डासमोर उभा राही आणि बोर्डाला सुधारणा दिसली की रक्कम खाली येई. १९१९ मध्ये पूर्ण अपंगत्वाचा दर ४० शिलिंगांवर गेला, हे खरे. पण ज्याची जखम दिसत नाही त्याचे काय? तोफांच्या माऱ्याने मन ढासळलेल्यांना बोर्ड पटवणे सर्वांत कठीण जाई, आणि तरीही १९२० च्या दशकाच्या आरंभी सबंध देशात सुमारे ६५,००० माजी सैनिकांना अशा मानसिक आजाराबद्दल पेन्शन चालू होती.

धडधाकट परतलेल्यांची गत नॉरफोकमध्ये निराळी झाली. तेथील बहुतेक शिपाई मूळचे शेतमजूर. युद्धात धान्याची निकड असल्यामुळे १९१७ च्या कायद्याने शेतमजुराला आठवड्याला किमान २५ शिलिंग ठरवून दिले आणि धान्याच्या भावाचीही हमी दिली. १९२० मध्ये मजुरी ४६ शिलिंगांपर्यंत चढली. १९२१ मध्ये भाव कोसळू लागताच सरकारने तो कायदाच मागे घेतला. भावाची हमी गेली, तिच्याबरोबर मजुरीचीही गेली, आणि वर्ष-दीड वर्षात मजूर पुन्हा २५ शिलिंगांवर आला. १९२३ च्या वसंतात शेतमालकांनी मजुरी आणखी उतरवून तास वाढवायचे म्हटले, तेव्हा नॉरफोकच्या मजुरांनी संप पुकारला. त्यांचे नेते जॉर्ज एडवर्ड्स लहानपणी पाखरे हाकलायला शेतात जात, लिहिणे-वाचणे त्यांना लग्नानंतर बायकोने शिकवले, आणि ते पार्लमेंटपर्यंत पोहोचले होते. संपकऱ्यांत चार-पाच वर्षांपूर्वी खंदकांतून परतलेले कितीतरी जण होते. तेच आता सायकलींवरून शेताशेतांत फिरून काम थांबवत होते आणि त्यांना आवरायला बाहेरून पोलीस आणले होते. एप्रिलमध्ये तडजोड झाली ती पन्नास तासांना २५ शिलिंग या दराने. कोणावर सूड उगवणार नाही, असे मालकांनी कबूल केले होते, तरीही अनेक संपकऱ्यांना परत कामावर घेतले गेले नाही.

जमिनीचे म्हणाल तर १९१९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना माजी सैनिकांसाठी लहान शेते विकत घेण्याची मुभा मिळाली आणि नॉरफोकच्या कौन्सिलने या कामात पुढाकार घेतला. परंतु शेतकरी म्हणून उभा राहायला जनावरे, अवजारे आणि पहिल्या दोन वर्षांचे भांडवल लागते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. जमीन हातात आली त्याच वेळी धान्याचे भाव पडले आणि कित्येकांनी ती सोडून दिली. मे १९२१ मध्ये निरनिराळ्या माजी सैनिक संघटना एकत्र येऊन ब्रिटिश लीजन स्थापन झाली, तीही मुख्यतः सरकारने हात आखडता घेतला म्हणूनच. कागदी खसखशीचे लाल फूल विकून जमवलेला तिचा निधी म्हणजे लोकांनी स्वखुशीने उचललेला सरकारी भार होता, असे आमचे मत आहे. आपल्या पणजोबांचे जंगी इनाम लहान असेल, पण ते बोर्डासमोर दर वेळी नव्याने सिद्ध करावे लागत नव्हते.

नॉरविच शहरात मृतांचे स्मारक व्हायलाही १९२७ साल उजाडले, कारण निधी जमेना. नवी दिल्लीतील इंडिया गेट ज्यांनी उभारले त्या लटयन्स यांनीच ते बांधले. ९ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण राजघराण्यातील कोणाच्या हस्ते न करता शहरातील एका अपंग माजी शिपायाच्या हस्ते केले गेले. शहरातील साडेतीन हजारांहून अधिक मृतांची नावे लाकडी फलकांवर लिहून ती १९३१ मध्ये किल्ल्यात लावण्यात आली.

प्रश्न : आमची गावे कोयनेच्या धरणात गेली. युद्धासाठी इंग्लंडमध्ये कोणाची गावे गेली का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पाटण तालुका)

उत्तर : हो, आणि तीही नॉरफोकमध्येच. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला खऱ्या दारूगोळ्यानिशी सराव करण्यासाठी जागा हवी होती. म्हणून १९४२ च्या उन्हाळ्यात थेटफर्डजवळील टॉटिंग्टन, स्टॅनफर्ड, वेस्ट टॉफ्ट्स आणि आसपासची गावे काही आठवड्यांच्या मुदतीने रिकामी करवली गेली. युद्ध संपल्यावर परत येता येईल, असा गावकऱ्यांचा समज होता आणि तसे आश्वासन मिळाल्याचे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. युद्ध संपले, पण गावे परत मिळाली नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेक जण जमीनदाराची कुळे होती, त्यामुळे जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा कागदावर त्यांचे नावच नव्हते. आपल्याकडील विस्थापितांना ही तक्रार नवी वाटणार नाही. धरणामुळे निदान वीज तयार होते. टॉटिंग्टनच्या शेतांवर मात्र आजही रणगाडे फिरतात, आणि २००९ मध्ये अफगाणिस्तानला जाणाऱ्या सैनिकांच्या सरावासाठी तेथे एक अफगाण खेडे उभारण्यात आले. खऱ्या गावातील घरे पडली आणि त्याच आवारात खोटे गाव बांधले गेले.

प्रश्न : १९४२ म्हटले की आमच्याकडे पत्री सरकारचे दिवस आठवतात. त्या वेळी खुद्द इंग्रजांच्या घरी काय चालले होते? सिंगापूरला पकडलेल्या गोऱ्या शिपायांचे पुढे काय झाले, हेही सांगावे. (एक वाचक, कुंडल)

उत्तर : प्रतिसरकारचा कारभार प्रत्यक्षात १९४३ मध्ये उभा राहिला, परंतु त्याची मुळे बेचाळीसच्या चळवळीत आहेत, त्यामुळे आपला प्रश्न योग्यच आहे. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस नॉरविचवर दोन रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि दोनशेहून अधिक नागरिक मेले. लोक संध्याकाळी चादरी घेऊन शहराबाहेर शेतांत झोपायला जाऊ लागले. पण काउंटीतील हजारो घरांची काळजी वेगळीच होती, आणि तिचे नाव सिंगापूर.

रॉयल नॉरफोक रेजिमेंटच्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या पलटणी अठराव्या डिव्हिजनमध्ये होत्या. त्या एकाच भागातील, पुष्कळदा एकाच गल्लीतील मुलांनी भरलेल्या होत्या. वाळवंटात लढण्याची तयारी करून निघालेल्या या डिव्हिजनला जपानने युद्ध पुकारल्यावर वाटेतच दिशा बदलावी लागली. चौथी पलटण डिसेंबर १९४१ च्या अखेरीस मुंबईला उतरली, तीन आठवडे अहमदनगरला राहिली आणि २९ जानेवारी १९४२ रोजी सिंगापूरला पोहोचली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. म्हणजे दोन वर्षे तयारी केलेली पलटण लढली ती जेमतेम पंधरवडा, आणि पुढची साडेतीन वर्षे कैदेत राहिली. घरच्यांना कित्येक महिने मुलगा जिवंत आहे की नाही याचीही खबर नव्हती. कैद्यांना अधूनमधून मिळणाऱ्या छापील कार्डावर पंचवीस शब्दांच्या वर लिहिण्याची परवानगी नसे.

जपान्यांच्या सयाम (थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटर लांबीच्या कामावर साठ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी राबले आणि बारा हजारांहून अधिक मेले. मलायातील तमिळ व इतर आशियाई मजूर त्यांच्या कित्येक पट मेले, पण त्यांची नोंदवही कोणी ठेवली नाही. पटकी, हिवताप, आमांश आणि पायांची भरून न येणारी क्षते हे तिथले खरे शत्रू. एक डबाभर भातावर दिवस काढून खडक फोडायचा, आणि हजेरीला माणसे कमी भरली तर आजाऱ्यांच्या बरॅकमधून उठवून आणायची, असा तो कारभार होता.

१९४५ च्या शरद ऋतूत ते परतले तेव्हा युरोपातील विजयाचे सोहळे होऊन गेले होते. सुटकेनंतर त्यांच्या हातात एक छापील पत्रक देण्यात आले होते. मेलेल्या सोबत्यांच्या नातेवाइकांना यातना होतील, म्हणून कैदेतील प्रकार उघडपणे बोलू नका, जीभ आवरा, असा त्याचा आशय. पुष्कळांनी तो आदेश पन्नास वर्षे पाळला. भाताला शिवायचे नाही, ताटात कण उरू द्यायचा नाही, रात्री ओरडत उठायचे, एवढे घरच्यांना दिसे. त्याचे कारण मुलांना बापाच्या मृत्यूनंतर ट्रंकेतील कागदांवरून कळे. नॉरफोकमधील विमंडम गावी, जे स्वतः या कैदेत होते त्या फादर माल्कम काउविन यांनी कैद्यांच्या स्मरणार्थ चर्च उभारले. ते १९५२ मध्ये खुले झाले आणि माजी कैद्यांना एकमेकांशी तरी बोलायला एक जागा मिळाली.

पैशाचे सांगायचे तर जपानशी झालेल्या १९५१ च्या तहाअन्वये प्रत्येक कैद्याच्या वाट्याला सुमारे ७६ पौंड आले. पुढे अर्धशतक मागणी चालू राहिली आणि नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने हयात कैदी किंवा त्यांच्या विधवा यांना १०,००० पौंड देण्याचे जाहीर केले. तोवर बहुतेक जण गेले होते. या योजनेतून गुरखा कैद्यांना प्रथम वगळले होते. न्यायालयात गेल्यावर २००२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला.

याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीची कथाही येथेच सांगतो. २७ मे १९४० रोजी फ्रान्समधील ल पारादी येथे दारूगोळा संपल्यावर शरण आलेल्या ९९ शिपायांना नाझींच्या एसएस दलाच्या सैनिकांनी गोठ्याच्या भिंतीसमोर उभे करून गोळ्या घातल्या. दोघेच वाचले. त्यांच्यापैकी अल्बर्ट पूली जखमी कैदी म्हणून १९४३ मध्ये अदलाबदलीत मायदेशी आले आणि त्यांनी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच सैन्यातील अधिकाऱ्यांनी ती खरी मानली नाही. युद्ध संपल्यावर पूली स्वखर्चाने त्या गावी परत गेले, साक्षीपुरावे पुढे आले आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जानेवारी १९४९ मध्ये फाशी झाली. ती पलटण तोवर पुन्हा उभी राहून १९४४ मध्ये कोहिमालाही लढली होती.

प्रश्न : आमच्या गावच्या शिळेवर युद्धाला गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा फक्त आकडा आहे. नॉरफोकच्या खेड्यांत मात्र नावे कोरलेली असतात, असे लेखात म्हटले होते. आमच्या माणसांची नावे कोठेच नाहीत का, आणि ती शोधावीत कशी? (कोरेगाव, खानापूर व जत तालुक्यांतील चार वाचक)

उत्तर : फरक आहे, आणि तो केवळ गावच्या शिळेपुरता नाही. मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी इराकमध्ये बसऱ्याचे स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर नॉरफोकच्या साध्या शिपायाचेही नाव कोरलेले आहे. मराठा पलटणींच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि पुढे ‘इतके इतर सैनिक’ असा आकडा टाकला. एका खंदकात मेलेल्या दोघांपैकी एकाचे नाव आणि दुसऱ्याची बेरीज, असा तो प्रकार. युद्धातील मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे मान्य केले. आशिया व आफ्रिकेतील किमान ४५,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले आणि आणखी किमान एक लाख सोळा हजार जणांचे नावानिशी, किंवा कदाचित मुळीच, झाले नाही, असे समितीने म्हटले व आयोगाने क्षमा मागितली.

मात्र भिंतीवर नाव नसले तरी बऱ्याच जणांचे नाव नोंदवहीत आहे, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य शोधता येते. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. शोधताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आडनावाने शोधू नये, कारण पलटणीच्या दफ्तरात बहुधा शिपायाचे नाव व वडिलांचे नाव एवढेच लावले जाई. दुसरी, रोमन लिपीतील स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे, म्हणून एकाच नावाची चार-पाच रूपे करून पाहावीत आणि पलटणीच्या क्रमांकाची जोड द्यावी. त्या काळचे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक होते. तिसरी सांगली जिल्ह्यातील वाचकांसाठी. सांगली, मिरज व जत ही तेव्हा संस्थाने होती आणि तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला व त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. तेव्हा खानापूरचा शिपाई नोंदीत साताऱ्याखाली सापडेल आणि जतचा संस्थानाच्या नावाखाली. घरात जुने डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पदक असेल तर आधी ते पाहावे. त्या काळच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि पदक घासूनपुसून चकचकीत करण्याच्या नादात ती कडच झिजवून टाकू नये.